पाचांतली दोन तोंडे

खिडकीतले ऊन टेबलावर उतरेपर्यंत परीक्षिकेने तो आढावा पुन्हा एकदा वाचून संपवला होता. विझत चाललेल्या श्रवणशक्तीवरच्या एका औषधाचे पाच अभ्यास कोणी त्यात एकत्र गुंफले होते, आणि पाचही एका सुरात सांगत होते की गुण येतो. आढावा विश्वासार्ह आहे की नाही, एवढेच तिने ठरवायचे होते. ती ‘हो’ म्हणाली की रुग्णालय औषध सुरू करणार होते. आणि वाट पाहणाऱ्यांत तिची सख्खी बहीण होती. हे तिने समितीला आधीच कळवले होते, पण दुसरा परीक्षक नव्हता.

“झाला का तुझा गाढवा तपासून?” त्याच बहिणीने, गाणे शिकवणाऱ्या ताईने, दारातूनच विचारले.

“आढावा गं, ताई!”

“तेच ते. ओझं तर वाहतेसच.”

पाचामुखी परमेश्वर, असे ती मनाला समजावत राहिली. मग डोळे मिटताच नेहमीचे झाले: आकड्यांची माणसे झाली. तिसऱ्या अभ्यासातली माणसे कानामागे हात धरून, पाण्याखालून चालावे तशी संथ आत आली. त्यांत जुळ्या बहिणी होत्या; जिन्यावरून पडून औषध अर्ध्यावर सोडलेला एक म्हातारा होता. पाचव्याचे दार उघडले, तर पुन्हा त्याच जुळ्या, तोच लंगडणारा म्हातारा.

तिने दचकून पाने ताडून पाहिली. शीर्षक वेगळे, लेखकांचा क्रम वेगळा. माणसे मात्र तीच. आढावा लिहिणाऱ्यांनी त्यांना दोनदा मोजले होते. पाचांतली दोन तोंडे एकाचीच होती.

तिने एक अभ्यास वगळून हिशेब पुन्हा मांडला. गुण धुक्यासारखा विरळ झाला. आहे म्हणावे तर हाती लागेना, नाही म्हणावे तर पुरता विरेना. तिने शेऱ्याच्या जागी ‘विश्वासार्ह नाही’ असे लिहिले. आपलेच दात, आपलेच ओठ.

“म्हणजे औषध खोटं?” तिचा चेहरा वाचत ताई म्हणाली.

हे उत्तर हात हाती घेऊन, कुजबुजत द्यायचे होते. पण ताईशी हळू बोलायचे दिवस सरले होते.

“खोटं नाही! अजून कुणालाच ठाऊक नाही!” ती ओरडली. ताई गप्प राहिली, तशी पुन्हा ओरडली, आणखी मोठ्याने.

“पहिल्या वेळीच ऐकलं होतं मी, बाई,” ताई म्हणाली. “वाटलं, दुसऱ्यांदा तरी वेगळं सांगशील.”