पडली की मरते

कुमासीच्या बाजारात अकरा वर्षं मी मेलेले कॉम्प्युटर जिवंत करतोय. शाळेनं मला काही शिकवलं नाही, जळक्या बोर्डांनी शिकवलं. तरी पाच वर्षांपूर्वी एसएसडी विकताना मी पोपटासारखा बोललो. समोर राजघराण्याचे कर्ते, बोआडू. बहिणीचं, म्हणजे राजमातेचं बोलणं त्यांना जपून ठेवायचं होतं.

"जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते. पडली की मरते. हिच्यात हलणारं काही नाही. खुशाल आपटा."

"मग बोलणं हिच्यात उतरव आणि जुनीतलं पुसून टाक. जुनी तुलाच ठेव."

हो म्हणालो आणि पुसलं नाही. आळस, दुसरं काय! त्याच डिस्कवरून दुकानात रोज गाणी वाजत राहिली.

आता राजमाता वारल्या. मुलगी डुफिए म्हणते, आईनं त्या बोलण्यात पुढची राजमाता म्हणून माझं नाव घेतलंय. बोआडूंना त्या गादीवर आपली धाकटी बहीण बसवायचीय. रविवारी पंच ऐकणार होते. शुक्रवारी दोघं एसएसडी घेऊन आले. लावली, तर कोरी.

"मधे कधी लावली होती?"

"लावायची कशाला?" बोआडू भडकले. "पूर्वजांची आसनं असतात त्या खोलीत, पेटीत, कुलपात होती. तिथं बाहेरचा माणूस पाय ठेवत नाही. दर सणाला पेटीपुढं दारू ओतलीय!"

"दारू नाही, वीज हवी होती तिला. उकाड्यात वर्षानुवर्षं बिनविजेची पडली की विसरते ती."

"हे तेव्हा सांगितलंस?" डुफिएनं विचारलं.

नव्हतं सांगितलं. विकायची होती ना!

मान खाली घालून मी गाण्यांची डिस्क पुढं ओढली. खरखरली, टकटकली, आणि म्हातारीचा आवाज आला, "माझ्यामागं डुफिए. दुसरं कुणी नाही."

डुफिएनं टेबल घट्ट धरलं. "मामा, ऐकलंत?"

"ऐकलं गं. बहिणीला जरा हातात तर घेऊ दे."

कॉपी करायला मी वळलो, तेवढ्यात त्यांनी चालू डिस्क वायरीसकट उचलली. डोक्याच्या वर नेली. सिमेंटवर एकच आवाज झाला.

"मुद्दाम टाकलीत!" डुफिए किंचाळली.

"वय झालं, पोरी. बोटं सुटतात." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तू म्हणाला होतास तसंच झालं बघ. खरं बोलून धंदा करतोस, पोरा."