बाबांचा जादा ठोका

फिडलच्या गजाला चोळायच्या राळेच्या खड्याला मधोमध खाच पडली होती, बाबांच्या गजाने पाडलेली – आणि एल्स्पेथचा गज काही केल्या त्या खाचेत बसेना, कडेकडेनेच घसरत राहिला... दुपार झाली होती. सभागृहात भाजलेल्या रानहंसाचा वास, खिडकीबाहेर अजून न हललेला नदीचा बर्फ. भाच्याचं लग्न. पहिला नाच बाबांच्या चालीवर, फिडल घरच्याच माणसाने वाजवायचं, अशी रीत. आणि बाबा जानेवारीत गेले, म्हणजे आता तीच.

चाल पणजोबांनी कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या एका होडीवाल्याकडून उचललेली, समुद्रापलीकडच्या ऑर्कनी बेटांवरच्या. एल्स्पेथ स्वतः सहा महिने ऑर्कनीला राहून तीच चाल शिकून आली – आठ ठोक्यांची, सरळ. बाबांची नऊ ठोक्यांची. त्या नवव्यावर नाचणाऱ्यांनी टाच आपटायची. चार वर्षांपूर्वी, आल्या आल्या, चारचौघांत, ती म्हणाली होती, "बाबा, इथे तुम्ही एक ठोका जास्त घेता. मूळ चालीत तो नाहीच." बाबा हसले होते. "असेल बाई. शिकून आलीयस तू."

तिला लाज वाटत होती का त्यांची? वाटत होती. थोडी... थोडी नाही, बरीच.

"किती वेळ राळ चोळतेयस गं?" डॉर्कस आत्याने विचारलं. बाबांची धाकटी बहीण. तोंडात बॅनॉकच्या जाड भाकरीचा तुकडा.

"बोटं दुखायला लागल्यापासून बाबा नाचाला वाजवायचेच नाहीत. मी नीट ऐकूनच ठेवलं नाही, आत्या. तो ठोका नेमका कुठे..."

"बोटं?" आत्या चावायची थांबली. "मरायच्या आठवड्यापर्यंत जाळी विणत होता तो. बोटांना काय धाड भरली होती? मला म्हणाला, डॉर्कस, सरळ वाजवलं तर लोकांचे पाय अडखळतात, आणि माझ्या पद्धतीने वाजवलं तर पोरीची मान खाली जाते. त्यापेक्षा बोटं दुखतात म्हणालेलं बरं."

चार वर्षं. चार वर्षं ती त्यांना सांधेदुखीचं मलम आणून देत होती आणि ते निमूटपणे चोळून घेत होते.

"वाजव आता," आत्या म्हणाली, "पोरं उभी राहिलीत."

ती बसली. दोन्ही पायांनी ताल धरला, गज टेकवला. पहिल्याच वळणावर म्हाताऱ्यांच्या टाचा पडल्या – एक ठोका उशिरा. चाल तोवर पुढे निघून गेलेली. नवरा ओशाळून हसला. नवरी आपल्या पायांकडे बघू लागली, जणू चूक तिचीच. दुसऱ्या वळणाला नवव्या ठोक्यासाठी थांबायचंच, असं ठरवून एल्स्पेथ तिथवर आली – आणि हात थांबला नाही. सहा महिने घोटून घेतलेला हात. तिसऱ्यांदाही नाही... चाल अगदी बरोबर वाजत होती. घरी तिचं इतकं बरोबर ऐकताना बाबांना काय वाटलं असेल ते तिला आता कुठे कळत होतं, आणि नाच संपायला अजून बराच वेळ होता.