न्यायाच्या दिवसाची मोजणी

सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत पेशव्यांच्या तोफखान्यात इनास नावाचा गोव्याकडचा किरिस्ताव गोलंदाज होता. गोळा कुठं पडेल हे तो छातीठोकपणे सांगे. बायकोपुढे मात्र त्याची मात्रा चालत नसे. नोकरी सुटली, गोव्यात भाऊ वाट पाहत होता, भाड्याची बैलगाडी ठरली, आणि बायको रुजाय अडून बसली. त्यांची तान्ही मुलगी पुण्याच्या मातीत पुरलेली होती.

"अहो, न्यायाच्या दिवशी मेलेले उठतील म्हणता ना? मग ती इथंच उठणार. तिला चालताही येत नाही. उचलून कोण घेईल?"

इनासनं शास्त्राचा आधार शोधला. बायबलातल्या जगाच्या शेवटाच्या भाकितांत जितके दिवस सांगितलेत तितकी वर्षं धरायची, एवढं त्यानं एका प्रवचनात ऐकलं होतं. मोजणी कुठल्या सालापासून धरायची, हे कुणी सांगितलं नव्हतं. एका सालापासून धरली तर शेवट पुढच्याच वर्षी येत होता. ते साल त्यानं मुकाट्यानं गाळलं. दुसऱ्यापासून चांगली चाळीस वर्षं हाती लागली.

"भरपूर अवकाश आहे, रुजाय. त्याआधी परत येऊ की."

"पाद्रीबाबा हो म्हणाले तर येते."

म्हातारे पाद्री निरोप द्यायला येणार होते. इनासनं त्यांना वाटेतच गाठलं. "नुसती मान हलवा, बाबा."

हिशेब ऐकून पाद्री हसले. "माझ्या गुरूंनीही असंच साल काढलं होतं. ते सरलं, तेव्हा त्यांनी मोजणी दुसरीकडून धरली."

घरी रुजायनं सरळच विचारलं. पाद्रींनी इनासकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पोरी, तो दिवस देवानं देवदूतांनाही सांगितलेला नाही."

"म्हणजे उद्याही येईल?"

"येईल."

"मग मी हलू कशी?"

इनासला पाद्रींचा भयंकर राग आला. मान हलवायला यांचं काय जात होतं? तो तरातरा बाहेर गेला. गाडीवान बैल जुंपत होता. त्याला घाई करायला इनासनं तोंड उघडलं, आणि उद्याच तो दिवस आला तर, हा विचार त्याच्या मनात पहिल्यांदाच शिरला. मुलगी रुजायकडेच झेपावेल कशावरून? जिवंत असताना ती त्याच्याकडेही हात पसरायची.

"सोड बैल," तो म्हणाला.