आजोबा झोपले की यायचं

मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. बुडाला पोचे, काठाला गंज, आणि उचललं की कडी करकरते. तो माझा जन्माचा दोष. मला घडवणाऱ्या कारागिराने कडी बसवताना बहुधा जेवायची घाई केली असावी.

मित्रांनो, मी या घरात आले तेव्हा घरचे साहेब तान्हे होते. त्यांच्या अंघोळीचं कोमट पाणी माझ्यात असायचं. येणारी-जाणारी म्हणत, "बादली असावी तर अशी!" पुढे प्लास्टिकच्या रंगीत बादल्या आल्या आणि मला फरशीच्या कामाला लावलं. मी रुसले नाही, कारण तिथे मला मावशी भेटली.

मावशी सकाळी केर-फरशीला यायची. घरात तेव्हा एकच धांदल: मुलीचा डबा, साहेबांचे मोजे, सूनबाईंची ऑफिसला जायची घाई. कोपऱ्यातल्या खोलीत मात्र साहेबांचे वडील खाटेवर बसून आमची वाट बघत. आजोबांनी जन्मभर बस चालवली होती. आता गुडघ्यांनी संप केला होता.

"पाय वर घ्या आजोबा, नाहीतर तुम्हालाही पुसून काढीन."

"काढ बाई, निदान चकाकेन तरी. आज बस वेळेवर होती का?"

"कुठली! मेल्याने थांब्यावर थांबवलीच नाही. धावत चढले."

"मी असतो तर तुझ्यासाठी मागे घेतली असती."

"तुम्ही असता तर मी अजून पोचलेच नसते!"

दोघं हसत. आजोबांचं दिवसभराचं बोलणं ते एवढंच.

सूनबाई मनाने वाईट नाहीत हो, मुळीच नाहीत. एक दिवस त्या म्हणाल्या, "मावशी, सकाळी आमची धावपळ, त्यात बादलीच्या आवाजाने बाबांना त्रास. उद्यापासून दुपारी याल का? ते गोळी घेऊन झोपलेले असतात."

"अहो, त्रास कसला? गप्पा मारतात ते माझ्याशी."

"तुमचं मन राखायला बोलतात."

मावशीला काम टिकवायचं होतं. ती "बरं" म्हणाली. माझ्या कडीला चिंधी गुंडाळली गेली. आजोबांना कुणी काही विचारलंच नाही.

पहिले काही दिवस ते जागं राहायला धडपडले. पण गोळीपुढे कुणाचं चालतं? आम्ही खाटेखालून चोरासारखं फडकं फिरवायचो आणि निघायचो.

मग आजोबांच्या हातून संध्याकाळी पाणी सांडू लागलं.

"मावशीला बोलवा ना पुसायला," ते म्हणायचे.

"एवढ्याशा पाण्याला मावशी कशाला, बाबा? मी आहे ना," असं म्हणत सूनबाई पटकन पुसून घ्यायच्या.

तरी पाणी सांडतच राहिलं. शेवटी साहेबांनी हौसेने झाकणाचा, चोचीचा कप आणला. "बाबा, आता सांडायची भीतीच नाही!"

आजोबांनी कप उलटासुलटा करून पाहिला. "छान आहे," म्हणाले. त्यानंतर त्यांनी मावशीचं नाव काढलं नाही.

ती खोली आता लखलखीत असते. पाहुणे वाखाणतात. मला मात्र त्या फरशीकडे बघवत नाही. मला तोंड आहे ते पाण्यापुरतं. मी कुणाला काय सांगणार?

म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगते. घरातल्या कामाच्या वेळा सगळ्यांच्या सोयीने जरूर ठरवा. पण त्या 'सगळ्यांत' खाटेवरचं माणूसही धरा. आणि त्याच्या हातून पुन्हापुन्हा पाणी सांडलं, तर झाकणाचा कप आणायला धावू नका. घटकाभर त्याच्या शेजारी बसा.