रिकाम्या खुर्चीचा माईक

मित्रांनो, मी एक जुना बिनतारी माईक आहे, काडेपेटीहूनही लहान. माझ्या पाठीला चिमटा आहे. ज्याच्या गळ्याशी मला लावाल त्याचा आवाज मी उचलतो आणि दूर बसलेल्या माणसाच्या कानातल्या यंत्रात नेऊन सोडतो. तो पोचला की नाही, ते मात्र मला कधीच कळत नाही.

माझा मालक सुतार. करवतीच्या यंत्रापाशी त्याचं उभं आयुष्य गेलं आणि त्यात कान कामातून गेले. लेकीने मला विकत घेतलं तेव्हा दुकानदाराने बजावलं होतं, "भिंत नाहीतर लोखंडी कपाट मध्ये आलं की आवाज तुटतो. आणि माईक चालू असताना बाकीचं काही ऐकू येणार नाही बरं का, यंत्र ते दाबून टाकतं."

सुताराच्या बायकोने मला गळ्याशी लावलं आणि स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, ऐकलंत का?" इतक्या वर्षांत त्याने ते पहिल्यांदाच खरोखर ऐकलं. दोघं हसून हसून बेजार झाली. त्या घरात माझं कोण कौतुक! ती मला मऊ फडक्याने पुसायची. भांडण झालं की सुतार कानातलं यंत्र काढून ठेवायचा आणि ती एकटीच माझ्यापुढे तणतणत बसायची.

मग ती आजारी पडली आणि गेली. मला वाटलं, आता माझी रवानगी खणात. पण सुताराने मला चार्ज केलं, आतल्या खोलीत नेलं आणि तिच्या वेताच्या खुर्चीच्या पाठीला लावलं. मग दार उघडं ठेवून तो बाहेरच्या खोलीत जाऊन बसला.

मित्रांनो, खुर्चीत कुणी नव्हतं. मी तरी काय करणार? होतं ते पाठवत राहिलो. पडद्याची सळसळ, नळाचे थेंब. आणि भर दुपारी, वारा अगदी पडलेला असताना, वेत करकरायचा, कुणी सावरून बसावं तसा. ऊन वाढलं की वेत बोलतो. ती खुर्ची सुतारानेच विणली होती, त्याला हे माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी बाहेरून त्याचा आवाज यायचा, "आलो गं!" तो दारात येऊन खुर्चीकडे बघत उभा राहायचा. मला भीती वाटायची.

आवाज मध्येच तुटू लागला तेव्हा त्याने लोखंडी कपाट एकट्याने ढकलत बाजूला नेलं. लेकीला वाटलं, बाबा घर आवरतायत, बरं झालं. मग त्याने आपली खाट सरकवत दारासमोर आणली, जिथे खुर्ची स्वच्छ ऐकू येई. दिवसभर तो तिथे मान तिरकी करून बसे. लेक बोलायला आली की ओठांवर बोट ठेवी.

एका सकाळी लेक बाहेर गेली होती. त्याने दूध गॅसवर ठेवलं, दाराला आतून कडी घातली आणि तो खाटेवर येऊन बसला. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅसचा वास घरभर पसरला. लेक परतली ती दार बडवत, ओरडत. तिचा आवाज भिंतींतून झिरपत माझ्यापर्यंत आला. मी तो पाठवला.

सुताराला वाटलं, खुर्ची बोलतेय. तो धडपडत आत आला आणि खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसला. "अगं, बोल ना. बोल की!" वास वाढत होता.

खिडकीची काच फुटली. लेकीने आत येऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि त्याच्या पाठीशी उभं राहून हाक मारली. तो वळला नाही. खुर्चीकडे बघून "हो, हो" म्हणत राहिला. तेव्हा तिने मला खुर्चीवरून ओढून काढलं.

"ठेव ते तिथं! ती आत्ता बोलत होती!"

लेकीने मला आपल्या गळ्याशी लावलं.

"मी बोलत होते, बाबा."

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. आवाज तोच होता, जो त्याने आत्ता खुर्चीतून ऐकला होता.

"तू? कधीपासून हाका मारतेयस?"

"आई गेल्यापासून."

मित्रांनो, माझी बॅटरी आता लवकर उतरते, म्हणून सांगायचं ते सांगून टाकतो. मला जपा, पुसा, वेळेवर चार्ज करा. पण कुणाच्या गळ्याशी लावायचं ते नीट बघा. मी इमानी आहे, शहाणा नाही. रिकाम्या खुर्चीला लावलंत तर मी रिकामी खुर्चीच ऐकवत राहीन, आणि तुमच्या पाठीमागे कुणीतरी हाका मारून मारून घसा कोरडा करत असेल.