वहिनीच्या व्हिडिओखाली

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. वय विचाराल तर अवघं पाच वर्षांचं, पण आमच्यात एवढ्यातच म्हातारपण येतं. काचेला तडा गेलाय, चार्जिंग टिकत नाही. कॅमेरा मात्र अजून ठणठणीत आहे आणि त्याचाच मला भारी तोरा होता.

बोईसरच्या दुकानातून मला मिथुनने घेतलं. तो राहायला समुद्रकाठच्या दांडी गावात, कामाला तारापूरच्या एका कारखान्यात. मोठा भाऊ मासेमारीच्या बोटीवर, घरी आई आणि भावना वहिनी. वहिनी सफाळ्याकडची, भातशेतीतली. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी दोरीवर वाळत टांगायची, हे तिला सुरुवातीला जमेना. म्हणून घरात तिला लाडाने 'भातवाली' म्हणत. पुढे ती अशी तरबेज झाली की शेजारणी बघत राहायच्या.

तिचे व्हिडिओ मीच काढायचो. मिथुन मला धरायचा आणि वहिनी बोलायची, "बघा, आमी बोंबील असे टांगतो. वारा लागला पायजे, नायतर वास मारतो हां!" मग ते तिच्या मोबाइलवर जायचे आणि ती लोकांसाठी टाकायची. कुवेतहून कुणी लिहायचं, 'ताई, गावची आठवण आली.' वहिनी ते सासूला दोनदोनदा वाचून दाखवायची. त्या दिवशी घरात हसू असायचं.

कारखान्यात सुपरवायझर मिथुनला चारचौघांत हाक मारायचा, "ऐ मच्छी, इधर आ!" मिथुन मान खाली घालून जायचा. एका दुपारी असंच झालं. जेवणाच्या सुट्टीत त्याने मला खिशातून काढलं, खोट्या नावाचं खातं उघडलं आणि वहिनीच्या व्हिडिओखाली लिहिलं, 'ही कसली मच्छीवाली? ही तर भातवाली! आधी बोलायला शिक.'

खरं सांगतो, तिच्याशी त्याचं काहीही वाकडं नव्हतं. राग कुणावर तरी काढायचा होता आणि तिथे त्याला ना नाव होतं, ना तोंड. डबा संपेपर्यंत दोनशे जण हसले. एवढी दाद त्या पोराला जन्मात मिळाली नव्हती. मग तो रोज लिहू लागला. मला लाज वाटायची, पण अंगठ्याला नाही म्हणायची सोय आमच्यात नाही.

त्याच्यामागून बाकीचे आले. वहिनीचे दात, तिची साडी, तिची आई, काही सोडलं नाही. तेव्हा मिथुन घाबरला. त्याने आपलं लिहिलेलं सगळं पुसलं, खातंही बंद केलं. इतरांचं तसंच राहिलं.

वहिनीने व्हिडिओ थांबवले. एका संध्याकाळी तिने विचारलं, "भाऊजी, मी भातवाली हाय, हे मी व्हिडिओत कदी बोलली नाय. मग लोकांना कसं कळलं?"

"सोडा वहिनी, कोण रिकामटेकडा असंल."

"नाय. घरातलंच हाय कोणतरी. ह्यांनी लिवलं, का आईंनी कुणाकडून लिवून घेतलं? तुमाला इचारते, कारण तुमी तसले नाय."

मिथुन पडवीत गेला. त्याने माझ्यावर लिहिलं, 'वहिनी, तो मी'. मग पुसून टाकलं. मित्रांनो, माझ्यात घंटी वाजते, गाणी वाजतात, पण ही एक गोष्ट मला ओरडून सांगता येईना. जीव नुसता तळमळला.

नवरा बोटीवरून आला की वहिनी आता ताट वाढते आणि आत निघून जाते. सासू विचारते, "अगो, माझं काय चुकलं?" ती म्हणते, "काय नाय." म्हातारी डोळे पुसते.

मला पुसून चकचकीत ठेवलं नाहीत तरी चालेल. पण काही लिहिण्याआधी, त्या माणसासमोर बसून ते मोठ्याने वाचता येईल का, एवढं बघा. मिथुन रोज वहिनीसमोरच जेवायला बसतो. त्या घरात ती आता फक्त त्याच्याशीच बोलते.