चिमीला ऐकू येतं

सुताराच्या हातून पटाशी खाली पडली आणि पाळण्यातली चिमी दचकली. एवढंच झालं. दुसरा बाप आनंदाने नाचला असता. या बाबाने बायकोकडे असं काही पाहिलं, की शिलाई मशीनवरचा तिचा पाय जागीच थांबला.

तो जन्मापासून बहिरा, तीही जन्मापासून बहिरी. मग पोर ऐकणारं कसं? सासूचे कान मात्र शाबूत होते आणि तोंड त्याहून शाबूत. "दोन बहिऱ्यांचं पोर बहिरंच व्हायचं, हे भलतंच काहीतरी आहे," असं ती शेजारणींना सांगत सुटली, आणि लेकालाही खुणा करकरून समजावलं. झालं! सुताराने चिमीला उचलणं सोडलं. स्वतःचं अंथरूण कामाच्या खोलीत नेलं. बायको रडली, भांडली, हात दुखेपर्यंत शपथा घेतल्या. मग तिचं आतलं सगळं बधिर झालं. पोर कुणाचं हे तपासायला तिघांचं रक्त घेतलं तेव्हा सुई टोचलेलीही तिला कळली नाही.

निकालाच्या दिवशी वेगळीच पंचाईत. डॉक्टरीणबाईंना खुणांची भाषा येईना. दुभाषी कोण? सासूच! घ्या आता.

"असं बघा आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिवा लागायला मेन स्विच चालू हवा आणि बल्बही धड हवा. तुमच्या मुलाचा बल्ब चांगला, पण मेन बंद. सुनेचा मेन चालू, पण बल्ब गेलेला. म्हणून दोघांकडेही अंधार. मुलीने आईकडून मेन घेतला, बापाकडून बल्ब. लागला दिवा."

सासूचे हात अर्ध्यावरच थांबले. "म्हणजे पोर याचंच?"

"याचंच. तिला ऐकू येतंय त्यात याचाही वाटा आहे. सांगा ना दोघांना."

शेजारणींशी बोलताना कुठेही बघून चालतं. इथे सुनेच्या समोर उभं राहून, तिच्या डोळ्यांत बघून, सासूला एकेक शब्द स्वतःच्या हातांनी करावा लागला. सून शांतपणे वाचत होती.

सुतार ढसाढसा रडला. छातीवर मूठ फिरवून पुन्हा पुन्हा माफी मागू लागला. याच घटकेची तिने केवढी वाट पाहिली होती! आणि आता तिला ना राग आला, ना आनंद. काही म्हणजे काहीच वाटेना.

बायको उत्तर देत नाही, कारण तिच्या हातांत पोर आहे, असं बिचाऱ्याला वाटलं. त्याने हात पुढे केले. तिने चिमी त्याच्याकडे दिली. त्याच्या हुंदक्यांचा आवाज ऐकून चिमी त्याच्या तोंडाकडे टकामका बघू लागली.

तो बायकोच्या मोकळ्या हातांकडे बघत राहिला. तिने ते मांडीवर ठेवले आणि तसेच राहू दिले.